खान हाय, खान नाय

पूर्वी मला बुरशी वाढवण्याचा पगार मिळत असे. आता बुरशी वाढू नये याचा मिळतो. सध्या मी महाप्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यात तपासणीला आहे. हळदीत, मिरचीत, लोणच्यात बुरशी दिसली की मी माल अडवते आणि लोक माझ्यावर चिडतात. त्याआधी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका औषध कंपनीच्या छोट्या प्रयोगशाळेत होते. तिथे बशीत बुरशी दिसली नाही की आमचे डॉक्टर माझ्यावर चिडायचे. एकूण चिडण्याचं प्रमाण सारखंच राहिलं आहे.

यादी करणं हा माझा स्वभाव. आमच्या सानपाड्याच्या घरात फ्रिजवर एक यादी असते, देवघराच्या दारामागे एक, आणि या दोन्ही कुठे लावल्या आहेत याची तिसरी पर्समध्ये. हा लेख लिहायलाही आधी यादी केली. एकोणीस मुद्दे निघाले. पदवी, मुलाखत, बढती वगैरे चौदा खोडले, कारण ते सगळ्यांच्याच नोकरीत असतात. उरलेल्या पाचांतला शेवटचा मुद्दा म्हणजे नुसतं एक अक्षर आहे: ण. खरा लेख त्याच्याबद्दल आहे. बाकीचे चार त्याला हात धरून आणण्यापुरते.

आधी धंदा सांगते. झाडाचं पान कितीही हिरवंगार आणि निरोगी दिसलं तरी त्याच्या आत बुरशी राहत असते. पानावर नव्हे, पानात. डाग नाही, रोग नाही, झाडाची तक्रार नाही. ती झाडाचं साखरपाणी खाते आणि बदल्यात बाहेरचे जंतू आत शिरू नयेत म्हणून काही रसायनं सोडते. म्हणजे भाडं न देणारा, पण चोरांना हुसकावून लावणारा भाडेकरू. शास्त्रात तिला एन्डोफाइट म्हणतात. आमचे शिंदे तिला ‘आतली बाई’ म्हणायचे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आमचे डॉ. केळुसकर परदेशातल्या कुठल्याशा परिषदेहून परतले ते हा भाडेकरू डोक्यात घेऊनच. इस्पितळांतले काही जंतू नेहमीच्या औषधांना भीक घालेनासे झाले होते. पानात जे रसायन चोर हुसकावतं ते माणसाच्या जखमेतून का हुसकावणार नाही, असा डॉक्टरांचा साधा सवाल. कंपनीने त्यांना एक हॉल, बशा-नळ्या निर्जंतुक करायचा एक जुना वाफेचा डबा, शिंदे आणि मी एवढं दिलं. डॉक्टर हुशार होते. ते त्यांना माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे की नाही हे ते दिवसातून दोनदा तपासायचे.

कामाची पद्धत अशी. पान आलं की नळाखाली धुवायचं. मग मिनिटभर स्पिरिटमध्ये, काही मिनिटं कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये, पुन्हा स्पिरिटमध्ये, शेवटी निर्जंतुक पाण्यात. हेतू असा की पानावरचं सगळं मरावं आणि पानातलं सगळं जगावं. मग ब्लेडने पानाचे नखाएवढे तुकडे करून बशीतल्या जेलीवर ठेवायचे. पाचसहा दिवसांनी तुकड्याच्या कापलेल्या कडेतून पांढरा दोरा डोकावतो. तो आपला भाडेकरू. त्याला वेगळ्या काचेच्या नळीत बिऱ्हाड द्यायचं आणि नंबर द्यायचा. नंबर रजिस्टरात. रजिस्टर माझं.

पुढे तीन आठवडे ती बुरशी बटाट्याच्या पाण्यात फुगवायची, त्या पाण्यातून अर्क काढायचा. तळाशी काकवीसारखा चिकट ऐवज उरतो. तो कागदाच्या टिकलीवर घेऊन टिकली जंतूंच्या बशीवर ठेवायची. दुसऱ्या दिवशी बशीभर जंतूंची साय धरलेली असते. टिकलीभोवती साय नसेल, स्वच्छ गोल असेल, तर अर्काने जंतू मारले. तो गोल पट्टीने मोजायचा. बहुतेक बशांत गोल नसायचाच. मग मी रजिस्टरात शून्य लिहायची. शून्य मी फार सुबक काढते.

बटाट्याचं पाणी शिंदेंच्या ताब्यात. शिंदे साताऱ्याकडचे, आधी वाशीच्या मार्केटात बटाट्याच्या गाळ्यावर काम केलेले. बटाटा हातात घेऊन त्याचं भविष्य सांगायचे. “म्याडम, ह्यो येफरचा हाय. ह्यो भाजीचा. आणि ह्यो बगा, ह्यो बुरशीचा.” पाणी काढून उरलेला बटाटा फेकायचा असा नियम होता. नियम रजिस्टरात होता, बटाटा शिंदेंच्या फोडणीत.

आमचा पहिला मोठा शोध सांगितलाच पाहिजे. चाळिसाव्या नमुन्याभोवती बशीत एवढा मोठा गोल आला की डॉक्टरांनी मुख्य कचेरीला फोन लावला. पेढे आले. मग मी नेहमीची तपासणी केली तर तीच हिरवी बुरशी डॉक्टरांच्या टेबलाच्या खणात सापडली. आठवडाभरापूर्वीच्या अर्ध्या वडापाववर. तिथून ती उडून बशीत आली होती, आणि तिच्यातून निघत होतं ते पेनिसिलिनचंच भावंड होतं. म्हणजे आम्ही पेनिसिलिनचा शोध लावला होता, फक्त साठेक वर्षं उशिरा. शिंदे म्हणाले, “सायेब, पेढं परत द्यायचं का?” डॉक्टर त्या दिवशी डबा न खाताच घरी गेले.

आता गोपीबाय.

पानं आणायला डॉक्टरांनी सुरुवातीला वनस्पतिशास्त्राचा एक पदवीधर ठेवला होता. तो दर पानाचं लॅटिन नाव सांगायचा आणि दर वेळी कंपनीच्या फाटकासमोरच्याच झाडाची पानं आणायचा. तो गेल्यावर शिंदेंनी तुर्भे गावातल्या गोपीबायला आणलं. वय पन्नाशीचं, आगरी पद्धतीने गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं, आवाज खाडीपलीकडे जाईल असा. तिला लॅटिन येत नव्हतं, अक्षरही येत नव्हतं, पण कोपरखैरण्यापासून बेलापूरपर्यंतचं एकेक झाड ती नातेवाइकासारखी ओळखायची. सकाळी पिशवीत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली पानं, त्यांच्यासोबत डब्यात सुकटाची चटणी. डॉक्टरांना भीती, सुकटाचा वास बशीत शिरेल.

“गोपीबाई, तुम्ही डबा बाहेर ठेवाल का?”

“का रं डाक्तर? तुजे जंतू मच्छी खात नाय?”

ती सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. तिच्या बोलीत देवालाही तूच. डॉक्टरांना ‘तू’ म्हणणारं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं, आणि ते ऐकायला हिशेब विभागातले लोक काहीतरी कारण काढून आमच्या मजल्यावर यायचे.

तिची पानं आली की मी रजिस्टर उघडायची. रकाने चार: नंबर, झाड, ठिकाण, तारीख. ठिकाणाचा रकाना अंगठ्याएवढा, कारण पान मी आखलेलं आणि मला आटोपशीरपणाची आवड. गोपीबायला आटोपशीरपणाची आवड नव्हती.

“ठिकाण?”

“आता बग बाय, सकाली मी नाल्याशी उतरली, तिकरं एक म्हातारी हाय, तिचा पोर कंपनीन लागला, तिच्या घराचे मागं यो झार...”

“गोपीबाय, मला गोष्ट नको. एक शब्द सांग.”

ती गोष्ट तिथेच सोडायची. मग म्हणायची, “नाला.”

“शाब्बास.”

तिचं झाड म्हणजे ‘झार’, खाडी म्हणजे ‘खारी’, पाणी म्हणजे ‘पानी’, ठिकाण म्हणजे ‘ठिकान’. मी शाळेत शुद्धलेखनात कायम पहिली. रजिस्टर अशुद्ध राहणं मला सहन होईना. मी मनाशी नियम केला: हिच्या तोंडून ‘न’ आला की आपण ‘ण’ लिहायचा. महिनाभरात हात इतका सरावला की तिच्या बोलण्याचं शुद्धीकरण मला कळतही नसे. पान ब्लीचमध्ये, शब्द माझ्या पेनात.

एकशे सतरा नंबरची बुरशी करंजाच्या पानातून निघाली. करकरीत पांढरी, कडेला किंचित गुलाबी. तिच्या अर्काची टिकली आम्ही इस्पितळातून आणलेल्या पूच्या जंतूवर ठेवली. नेहमीच्या औषधांना न जुमानणारा तो मग्रूर जंतू. दुसऱ्या दिवशी शिंदेंनी बशी उजेडात धरली आणि सरळ माझ्यापुढे पट्टी ठेवली. गोल एवढा मोठा होता की मी तो दोनदा मोजला. मी आधी डॉक्टरांचा खण तपासला. खण स्वच्छ होता. पुन्हा केलं, पुन्हा तोच गोल. तिसऱ्यांदाही. या वेळी पेढे शिंदेंनी आणले, आणि पहिला पेढा डॉक्टरांनी गोपीबायच्या हातावर ठेवला. “गोपीबाई, हे तुमचं.”

“माजा नाय, झाराचा,” ती म्हणाली, आणि पेढा खाल्ला.

चार महिन्यांनी एकशे सतराने काम बंद केलं.

हे या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. बुरशी झाडात असते तेव्हा तिला चोरांची भीती असते. प्रयोगशाळेत आणून तिला एका नळीतून दुसऱ्या नळीत, दुसरीतून तिसरीत हलवत राहिलं, रोज बटाट्याचं पाणी दिलं आणि चोर एकही ठेवला नाही, तर ती हत्यारं कशाला परजेल? गोल लहान होत गेला, मग बांगडीचा टिकलीएवढा झाला, मग गेला. मी शून्य काढलं. ते शून्य माझं मलाच बघवेना. तेलाखाली जपून ठेवलेली जुनी नळी उघडली, तीही तशीच ढिम्म. करंजाच्या पानांचा काढा पाण्यात घालून पाहिला, म्हणजे तिला माहेरचा वास येईल. सगळ्या मजल्यावर कडू वास पसरला. शिंदे म्हणाले, “म्याडम, हिला आता पेन्शनच लागू करा.”

त्यातच मुख्य कचेरीचं पत्र आलं. सहा आठवड्यांनी मोठे साहेब येणार, एकशे सतरा चालताना बघणार. चालली तर विभाग राहील, नाही तर बंद. डॉक्टर म्हणाले, “एकच मार्ग. त्याच झाडाकडे परत. त्याच झाडातून तीच बुरशी ताजी काढायची. मिसेस प्रधान, रजिस्टर.”

मी रजिस्टर उघडलं. मान ताठ होती माझी. एकशे सतरा. करंज. ठिकाण: खाण.

तुर्भ्यामागच्या डोंगरात दगडाच्या खाणी होत्याच. रजिस्टरात ‘खाण’ आणखी सातआठ ठिकाणी होतंच. शिंदे बटाटे आणायला वाशीला गेले होते. डॉक्टरांनी गोपीबायला बोलावलं.

“गोपीबाई, खाणीवरचा करंज दाखवायला चला.”

“खानीवरशी करंज मी आनलाच नाय,” ती म्हणाली.

“रजिस्टरात आहे.”

“मंग रजिस्टर खोटा.”

माझ्या रजिस्टराला तोवर कुणी खोटं म्हटलं नव्हतं. माझे कान तापले.

“बरं,” डॉक्टर म्हणाले, “तुम्ही करंज कुठून कुठून आणलात? नुसती ठिकाणं सांगा.”

तिने बोटं मोजली. “खारी. देऊल. नाला. आनि खान.”

“बघा! आत्ताच म्हणालात खाण!”

“खान बोलली, खान नाय!”

“म्हणजे काय?”

“अरं डाक्तर, खान हाय, खान नाय!”

हिशेब विभागातले दोघे दारात उभे होते ते फिदीफिदी हसले. डॉक्टरही हसले, पण चिडून. गोपीबायने माझ्याकडे पाहिलं. “बाय, तू सांग याला. तू लिवलास ना? त्या दिवशी मी तुला सांगत होती, तो खान...”

आणि मी म्हणाले, “गोपीबाय, गोष्ट नको. खाण की नाही, एका शब्दात सांग.”

ती पाठ फिरवून जिना उतरली.

आम्ही तिच्याशिवायच खाणीवर गेलो. डॉक्टर, शिंदे, मी आणि कंपनीची जीप. सुरुंगाची वेळ होती, आम्हाला अर्धा तास ट्रकखाली बसवलं. डॉक्टरांच्या डोक्यावर दगडाच्या पिठाचा थर बसला. तिथे करंज होते, दोन. पानं पांढरीफटक. आम्ही पिशव्या भरभरून आणली, धुतली, कापली. निघालेल्या बुरशा काळ्या, करड्या, हिरव्या. गुलाबी कडेची एकही नाही.

डॉक्टरांनी निष्कर्ष काढला. बाई पानं घराजवळूनच कुठूनतरी तोडत होती आणि तोंडाला येईल ते ठिकाण सांगत होती. “अशी माणसं कामाची नाहीत.” त्यांनी मला विचारलं, “तुमचं रजिस्टर बरोबर आहे ना?” मी म्हणाले, “माझं रजिस्टर बरोबर आहे.”

गोपीबायला हे सांगायला मलाच पाठवलं. ती जिन्यात बसून पिशवी घडी करत होती. मी काय बोलले ते आठवतं, पण लिहीत नाही. ती उठली, पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “मी चोर नाय, बाय. तुमची पानं आता तुमीच तोरा.” आणि गेली. गावात बातमी तिच्या आधी पोचली होती, की गोपीबाय कंपनीला फसवत होती. पुढे कितीतरी दिवस शिंदे माझ्याशी कामापुरतंच बोलले.

मोठे साहेब आले, शून्यांची पानं उलटली, चहा घेतला नाही आणि गेले. महिन्याभरात विभाग बंद करायचा हुकूम आला. शिंदेंची बदली गोळ्या भरायच्या विभागात, माझी कुठेच नाही.

बंद करायच्या विभागातही याद्या लागतात, त्यामुळे मी शेवटपर्यंत कामात होते. जुना वाफेचा डबा भंगारात द्यायचा होता. टेम्पो आला. ड्रायव्हर तुर्भ्याचाच, आगरी. डबा चढवून झाल्यावर त्याने शिंदेंना विचारलं, “कंय न्यायचा?”

शिंदे म्हणाले, “खान.”

“बरा,” म्हणून तो बसला.

मी यादीवर ‘ठिकाण’ लिहायला पेन टेकवलं होतं. हात आपोआप ‘खाण’ लिहायला निघाला. खा लिहिलं आणि पेन थांबलं. भंगार खाणीत कशाला जाईल?

“शिंदे, कुठे म्हणालात?”

“खान वो. खानभाई. भंगारवाला. तुर्भ्यात समद्यांना म्हाईत हाय.”

टेम्पो सुरू झाला होता. मी धावत जाऊन ड्रायव्हरशेजारी चढले. साडी दारात अडकली, यादी खाली पडली. आयुष्यात पहिल्यांदा यादी पडली आणि मी उचलली नाही.

खानभाईंचं आवार म्हणजे गंजलेले पिंप, मोडक्या लिफ्टा, जहाजाच्या साखळ्या, आणि मधोमध एक भला मोठा करंज. त्याच्या बुंध्याला इंजिन तेलाचे डाग, फांदीला तराजू टांगलेला. खाली खाटेवर पांढऱ्या दाढीचे खानभाई पेपर वाचत होते.

“या मॅडम. कंपनीतून ना? डब्बा मस्त आहे, पुराना माल.”

“खानभाई, या झाडाची पानं न्यायला कुणी येत होतं?”

“गोपीबाय. अब नहीं आती. बोली, कंपनीवाल्यांनी मला झूठी ठरवलं.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मी तिला बोललो, मला घेऊन चल, मी सांगतो त्यांना खान कौन है. ती नाय बोलली. बोली, जे एक शब्दाच्या पुढं ऐकत नाय, त्यांना पूरा खान काय दाखवू.”

मी त्या खाटेच्या कोपऱ्यावर बसले. तिच्या बोलीत दगडाची खाणही ‘खान’ आणि हा माणूसही ‘खान’. सातआठ वेळा तिने ‘खान’ म्हणून खरोखर खाण सांगितली होती आणि माझा ण बरोबर बसला होता. एकदा तिने माणूस सांगितला आणि मी त्याच्यावरही ण बसवला. बरोबर बोलणाऱ्या बाईला शुद्ध करून मी खोटी पाडली होती.

मी आधी पानं तोडली. गोपीबायच्या घरी आधी गेले नाही, पानं घेऊन प्रयोगशाळेत गेले. हेही नोंदवून ठेवते. डॉक्टर खोकी बांधत होते. मी सगळं सांगितलं. ते खोक्यावर बसले, बांधलेली दोरी पुन्हा सोडली आणि म्हणाले, “बशा किती उरल्या आहेत?” अकरा होत्या. वाफेचा डबा मीच भंगारात देऊन आले होते, म्हणून सानपाड्याहून माझा प्रेशर कुकर आणला. शिंदेंनी त्यात बटाट्याची जेली शिजवली, शिट्ट्या मोजत. सहाव्या दिवशी तुकड्याच्या कडेतून पांढरा दोरा निघाला. कडेला गुलाबी. पुढच्या चाचणीला गोल आला, पहिल्याइतकाच.

मुख्य कचेरीला कळवलं. त्यांनी विभाग बंदच ठेवला, पण नळी मागवून घेतली. त्यांच्या रसायनतज्ज्ञाने उत्तर पाठवलं की हे रसायन दुसऱ्या कुणाला तरी पूर्वीच सापडलेलं आहे, जंतूंना मारतं, पण उंदरांच्या मूत्रपिंडांनाही सोडत नाही, सबब निरुपयोगी. शिंदे म्हणाले, “म्हंजी उंदरांसाठी तर हाय न्हवं?” डॉक्टर हसले. त्यांच्याबरोबर मनापासून हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं. निघताना त्यांनी गोपीबायसाठी एक चिठ्ठी दिली. माफीची होती. ती वाचून दाखवणं माझ्याकडे आलं.

गोपीबायचं घर तुर्भे गावठाणात, आता दोन कारखान्यांच्या भिंतींमध्ये. ती ओट्यावर जवळा निवडत होती. मला पाहून तिने सूप हलवायचं थांबवलं नाही. मी चिठ्ठी वाचली. मग माझं सांगितलं: न, ण, खान, खाण, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. तोपर्यंत शेजारच्या दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्यादेखत सांगणं मला बरं वाटलं; गावात पसरलेली गोष्ट गावात पुसायला हवी होती.

“मी बोलली व्हती ना,” ती शेवटी म्हणाली, “रजिस्टर खोटा.”

“होय.”

“मोठ्यान बोल.”

“रजिस्टर खोटं होतं, गोपीबाय.”

शेजारणी समाधानाने घरी गेल्या.

मी पिशवीतून रजिस्टर काढलं. कंपनीने रद्दीत टाकायला काढलं होतं ते मी आणलं होतं. “काम परत देण्यासारखं माझ्याकडे नाही. पण हे तू म्हणशील तसं दुरुस्त करते. एकशे सतरा. करंज. ठिकाण?”

तिने हात लुगड्याला पुसले. “एका शब्दान सांगू?”

“नको. सगळं सांग.”

तिने सूप बाजूला ठेवलं. आज खानभाईंचं भंगार पडतं ती जमीन तिच्या बापाची. भाताचं खाचर होतं. कारखान्यांसाठी जमिनी गेल्या तेव्हा तीही गेली, मग हातोहात फिरत खानभाईंकडे आली. तो करंज बांधावर होता. त्याच्या सावलीत तिचा बाप दुपारची भाकरी खायचा, आणि ती लहानपणी त्याच्या शेंगा गोळा करायची. खानभाई भला माणूस, झाड तोडू दिलं नाही. म्हणून डॉक्टरने चांगली, निरोगी झाडं सांग म्हटल्यावर तिने त्या झाडाची पानं आणली. “आनि तू बोललीस, एक शब्द सांग. मंग काय सांगू? बापाची जमीन, पन आता बापाची नाय. म्हनून बोलली, खान.”

मी पेन काढलं. ‘खाण’ खोडलं. अंगठ्याएवढ्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: खानभाईंचं आवार, पूर्वीचा शेतबांध.

“वाच,” ती म्हणाली. मी वाचलं.

“बापाचा नाव कंय हाय? जोमा लिव.”

“अगं, रकान्यात मावत नाही.”

गोपीबायने सूप पुन्हा मांडीवर ओढलं.

“मंग रकाना मोठा कर.”